प्रोसेसरचं तापमान ड्रायव्हर चुकीचं दाखवतो तेव्हा : खरा आकडा शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

मे महिन्यातली दुपार, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. डिझाइनच्या खोलीत कूलर बंद पडलेला, वर पत्रा, भिंतीवरचं थर्मामीटर ३९ अंशांवर. जॅकार्डची नक्षी तयार करणारा पोरगा मला म्हणाला, "अण्णा, ह्यो कॉम्प्युटर तेहतीस म्हणतंय बघा. पण डब्याला हात लावला की चटका बसतंय."

खोली ३९ अंशांवर असताना साध्या पंख्याने थंड होणारा प्रोसेसर ३३ अंशांवर राहूच शकत नाही. पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्यामुळे तो प्रोसेसरला त्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. कोणतंही सॉफ्टवेअर न उघडता त्या पोराने चूक पकडली होती. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला छळतो खरा, पण तापमानाचा खोटा आकडा पकडायला त्याच्याइतका चांगला काळ नाही. पुण्यातल्या एसी खोलीत हाच ३३ चा आकडा कुणाला खटकला नसता.

हा लेख लिनक्सवर मशीन चालवणाऱ्यांसाठी आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी हे समजून घ्या : ड्रायव्हर तापमान मोजत नाही

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअरशी बोलून त्याची माहिती लिनक्सला देणारा छोटा प्रोग्राम. तापमान मोजतो तो प्रोसेसरच्या आतला सेन्सर. तो एका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या साठवणीच्या छोट्या जागेत, एक कच्ची संख्या ठेवतो आणि ती संख्या बहुधा अंश सेल्सिअसमध्ये नसते. ड्रायव्हर ती उचलतो, गुणाकार-वजाबाकी करतो आणि निकाल एका फाइलीत मिली-अंशांत मांडतो. ४८००० म्हणजे ४८ अंश. आकडा चुकतो तेव्हा पुष्कळदा सेन्सर ठीक असतो, हिशेब चुकलेला असतो.

इंटेलचा हिशेब उलटा चालतो. सेन्सर 'मी किती तापलोय' हे सांगत नाही, 'कमाल मर्यादेपासून किती खाली आहे' एवढंच सांगतो. त्या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात. टीजेमॅक्स १०० आणि रजिस्टरमध्ये ५२, म्हणजे तापमान ४८. ड्रायव्हरने टीजेमॅक्स ८५ धरला तर तोच ५२ वजा होऊन उत्तर येतं ३३. सेन्सर तोच, कच्ची संख्या तीच आणि फरक १५ अंशांचा. कारखान्यातल्या त्या जुन्या कोअर टू मशीनवर नेमकं हेच झालं होतं.

एएमडीच्या झेन पिढीत रजिस्टरचे वरचे ११ बिट घ्यायचे आणि ०.१२५ ने गुणायचं. पण या रजिस्टरला मोजणीच्या दोन पट्ट्या आहेत. एक शून्यापासून सुरू होते, दुसरी उणे ४९ पासून. दुसरी पट्टी चालू असेल तर उत्तरातून ४९ वजा करावे लागतात, आणि कोणती पट्टी चालू आहे हे त्याच रजिस्टरचा १९ क्रमांकाचा बिट सांगतो. कच्ची संख्या ७६० आली असं धरा. ७६० गुणिले ०.१२५ म्हणजे ९५. पट्टीचा बिट १ असेल तर ९५ वजा ४९, म्हणजे ४६. ड्रायव्हरने तो बिट पाहिला नाही तर निवांत बसलेलं मशीन ९५ अंश दाखवतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

एएमडीत आणखी एक भानगड आहे. 'टीसीटीएल' हा आकडा पंख्यांना हुकूम देण्यासाठी बनवलेला आहे, तो प्रत्यक्ष तापमान असेलच असं नाही. रायझन ५ १६००एक्स, रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स यांत तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त असतो, २७००एक्समध्ये १० अंश, तर थ्रेडरिपरच्या १९०० आणि २९०० मालिकांत २७ अंश. हा वाढीव भाग वजा करून मिळतो तो 'टीडाय', म्हणजे चिपचं खरं तापमान. 'के१०टेम्प' ड्रायव्हरमध्ये या मॉडेलांचा तक्ताच लिहिलेला आहे.

पायरी १ : कागदावर तीन आकडे

खोलीचं तापमान, मशीन पंधरा मिनिटं निवांत ठेवल्यावरचा आकडा आणि पूर्ण भाराखालचा आकडा. भारासाठी 'स्ट्रेस-एनजी' चालवा. सीपीयू पर्यायात शून्य दिलं की ते सगळे कोअर वापरतं. दहा मिनिटं पुरे. खोलीचं तापमान डब्याच्या हवा ओढणाऱ्या बाजूला घ्या, भिंतीवरचं नको. कूलरचा झोत डब्यावर येत असेल तर आत जाणारी हवा खोलीपेक्षा बरीच गार असते आणि सगळा अंदाज बिघडतो.

चूक कोणत्या प्रकारची आहे हे या तीन आकड्यांतून कळतं. निवांत असताना आणि भाराखाली सारख्याच अंशांची चूक वाटत असेल तर ती वजाबाकीतली, म्हणजे टीजेमॅक्स, पट्टी किंवा वाढीव भागाची. भार दिल्यावरही आकडा ढिम्म हलत नसेल तर तुम्ही भलताच सेन्सर वाचताय. १२७ किंवा उणे शंभरच्या आसपासचा काहीतरी विचित्र आकडा येत असेल तर बहुतेक मदरबोर्डच्या चिपची ती पिन कशालाच जोडलेली नाही.

पायरी २ : बोलतंय कोण?

'सेन्सर्स' ही कमांड चालवली की चार-पाच चिपांची यादी येते. प्रोसेसरचं तापमान कोणत्या नावाखाली आहे ते नीट वाचा. इंटेलवर 'कोअरटेम्प', एएमडीवर 'के१०टेम्प', हे दोन ड्रायव्हर प्रोसेसरच्या आतलं वाचतात. 'एनसीटी६७७५' हा मदरबोर्डवरच्या देखरेखीच्या चिपचा ड्रायव्हर. त्यातला 'सीपीयूटिन' नावाने फसवतो, कारण पुष्कळ बोर्डांवर तो जोडलेलाच नसतो. 'एसीपीआयटीझेड' हा बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने) सांगितलेला आकडा, आणि काही बोर्डांवर तो वर्षभर एकच असतो. तुमचं देखरेखीचं सॉफ्टवेअर यातला कोणता आकडा उचलतंय ते तपासा. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या, ड्रायव्हरला हात लावायची वेळच आली नाही.

फाइलींतून थेट बघायचं असेल तर सिस, मग क्लास, मग एचडब्ल्यूमॉन या फोल्डरात जा. तिथे एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ असे उपफोल्डर असतात आणि प्रत्येकात 'नेम' नावाची फाइल. हे क्रमांक प्रत्येक वेळी मशीन सुरू झाल्यावर तेच राहतील याची खात्री नाही. स्क्रिप्टमध्ये 'एचडब्ल्यूमॉन२' असं थेट लिहून ठेवलंत तर एक दिवस ती प्रोसेसरऐवजी एसएसडीचं तापमान सांगायला लागेल. नावावरून शोधा.

तसंच 'टेम्प१', 'टेम्प२' या क्रमांकांवरही विसंबू नका. शेजारची 'लेबल' फाइल वाचा. के१०टेम्पमध्ये सुरुवातीला टेम्प१ वर टीडाय होता, पुढच्या कर्नलांत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) टेम्प१ वर टीसीटीएल आला. माझ्याकडे साड्यांच्या कॅटलॉगचं काम करणाऱ्या एका स्टुडिओचं १७००एक्स मशीन आलं होतं. कर्नल अद्ययावत केल्यावर त्यांची स्क्रिप्ट अचानक २० अंश जास्त दाखवू लागली. घाबरून ते आधी एका दुकानात गेले. तिथे प्रोसेसर आणि त्याचा कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट दोनदा बदलली गेली, वर प्रोसेसरचा मोठा कूलर विकला गेला, आणि आकडा तेवढाच राहिला. स्क्रिप्टमधली एक ओळ 'टीडाय' हे लेबल शोधेल अशी केली आणि विषय संपला. त्यांचे पैसे गेले याचं मला अजून वाईट वाटतं. कुणीतरी पाच मिनिटं लेबल वाचलं असतं तर ते वाचले असते.

पायरी ३ : दुसरा साक्षीदार

एका आकड्यावरून निकाल देऊ नका. बायोसच्या पडद्यावर तापमान दिसतं, ते लिहून घ्या. मात्र बायोसमध्ये प्रोसेसर झोपेच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे तिथला आकडा लिनक्समधल्या निवांत आकड्यापेक्षा काहीसा जास्त असणं स्वाभाविक आहे. दोघांत पाच-दहा अंशांचा फरक दिसला तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नका.

इंटेलवर 'टर्बोस्टॅट' चालवा. तो कोअरचं आणि पूर्ण पॅकेजचं तापमान वेगळं दाखवतो. त्याहून पक्की साक्ष कच्च्या रजिस्टरची. 'एमएसआर' मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा) लोड करा, एमएसआर-टूल्स बसवा आणि 'आरडीएमएसआर' ने हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) १९सी हे रजिस्टर वाचा. एफ पर्यायात २२:१६ दिलं की हवे तेवढेच सात बिट मिळतात, यू पर्याय दिला की उत्तर दशमानात येतं. हे झालं मर्यादेपासूनचं अंतर. मग हेक्स १ए२ मधून २३:१६ वाचा, तो टीजेमॅक्स. दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि त्याच क्षणी 'सेन्सर्स' काय म्हणतंय ते बघा. तापमान क्षणाक्षणाला हलतं, म्हणून एकदा वाचून भागत नाही. दहा-बारा वेळा वाचा. एक-दोन अंशांचा फरक सोडून द्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या. इंटेलचा हा सेन्सर मर्यादेच्या जवळ जितका अचूक असतो तितका गार असताना नसतो. दोन कोअरांमध्ये निवांत असताना चार-पाच अंशांचा फरक दिसला तर तो दुरुस्त करण्यासारखा दोष नाही. भाराखालच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवा.

एएमडीचं रजिस्टर 'सेटपीसीआय' ने बाहेरून वाचता येतं, पण मी तो मार्ग घेत नाही. आधी पत्ता लिहायचा आणि मग उत्तर वाचायचं अशी ती दोन टप्प्यांची रीत आहे, आणि कर्नल स्वतःही तीच जोडी वापरत असतो. मधेच दोघांची टक्कर झाली तर वाचलेला आकडा भलत्याच रजिस्टरचा असू शकतो. त्यापेक्षा ड्रायव्हरमध्येच एक छापणारी ओळ टाकून कच्ची संख्या कर्नलच्या लॉगमध्ये आणलेली बरी.

पायरी ४ : दुरुस्ती, सगळ्यात वरच्या थरापासून

खालच्या थराला हात घालण्याआधी वरचे संपवा. स्क्रिप्ट किंवा डेस्कटॉपवरचं विजेट चुकीचा सेन्सर घेत असेल तर तेवढंच बदला.

दुसरा थर एलएम-सेन्सर्सच्या, म्हणजे 'सेन्सर्स' कमांड ज्यात येते त्या पॅकेजच्या, सेटिंगचा. इटीसी फोल्डरातल्या 'सेन्सर्स.डी' मध्ये स्वतःची एक फाइल करा. मुख्य फाइलीत लिहू नका, कारण अद्ययावत करताना तिच्यात घोळ होतो. 'चिप' या शब्दाने कोणत्या चिपबद्दल बोलताय ते सांगायचं. 'लेबल' ने नाव बदलतं, 'इग्नोर' ने न जोडलेल्या पिनचा भुताचा आकडा यादीतून जातो आणि 'कम्प्यूट' ने हिशेब बदलतो. कम्प्यूटमध्ये दोन सूत्रं लागतात, स्वल्पविरामाने वेगळी केलेली. पहिलं कच्च्याकडून खऱ्याकडे, दुसरं खऱ्याकडून कच्च्याकडे. १० वजा करायचे असतील तर पहिल्यात ॲट-चिन्ह वजा १०, दुसऱ्यात ॲट-चिन्ह अधिक १०. दुसरं सूत्र उलटं लिहायचं राहिलं तर मर्यादांचे आकडे बिघडतात.

पण सावधान. कम्प्यूटचा परिणाम फक्त एलएम-सेन्सर्सच्या लायब्ररीतून वाचणाऱ्यांवर होतो. पंख्याचा वेग ठरवणारं 'फॅनकंट्रोल' थेट सिस फोल्डरातल्या फाइली वाचतं, तुमच्या सूत्राचा त्याला पत्ताही नसतो. म्हणजे पडद्यावर आकडा बरोबर दिसेल आणि पंखा मात्र जुन्या चुकीच्या आकड्यावर फिरत राहील. फॅनकंट्रोल वापरत असाल तर त्याच्या फाइलीतल्या मिनटेम्प आणि मॅक्सटेम्प या मर्यादा तेवढ्याच अंशांनी सरकवा, नाहीतर पुढच्या थरावर जा.

तिसरा थर ड्रायव्हरच्या पर्यायांचा. कोअरटेम्पला 'टीजेमॅक्स' हा पर्याय आहे. कारखान्यातल्या मशीनवर इटीसीतल्या मॉडप्रोब.डी मध्ये कुणीतरी टीजेमॅक्स ८५ असं लिहून ठेवलेलं सापडलं. लॅपटॉपसाठीची ओळ तशीच इथे आणली असावी. कर्नलच्या लॉगमध्ये टीजेमॅक्स वापरकर्त्याने लादल्याची नोंदही होती, म्हणून 'डीमेसेज' आधी वाचायची सवय लावा. ती ओळ काढली, मॉड्यूल उतरवून परत चढवलं, ड्रायव्हरने स्वतःच्या अंदाजाने १०० धरला. निवांत आकडा ३३ वरून ४८ झाला आणि बायोसच्या आकड्याशी जुळला.

खरा धक्का पुढे होता. भाराखाली ६७ दिसायचे ते ८२ झाले. पंख्याची वरची मर्यादा ७० ला ठेवलेली, त्यामुळे पंखा इतके महिने कधी पूर्ण वेगाने फिरलाच नव्हता. डबा उघडला तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये कापसाचे तंतू दाबून बसलेले, अगदी नमदा झालेला. बोटाने ओढला तर अखंड पापुद्रा निघून आला. तो काढल्यावर त्याच भाराखाली आकडा ६८ वर आला. यंत्रमागाच्या गावात हे घडणारच. जास्त दाखवणारा चुकीचा आकडा निदान तुम्हाला डबा उघडायला लावतो. कमी दाखवणारा तो तंतूंचा थर झाकून ठेवतो. म्हणून 'आकडा फार दिसतोय, दहाने कमी करून टाका' असं कुणी सांगितलं तर कच्ची संख्या पाहिल्याशिवाय मी ते करत नाही, तुम्हीही करू नका.

टीजेमॅक्सचा हा पर्याय फक्त जुन्या प्रोसेसरांवर चालतो. ज्या प्रोसेसरचं हेक्स १ए२ रजिस्टर स्वतःच मर्यादा सांगतं, तिथे ड्रायव्हर तीच घेतो, तुमचा पर्याय बघतच नाही. के१०टेम्पला 'फोर्स' हा पर्याय आहे, पण तो वेगळ्याच कामाचा. सॉकेट एफ आणि एएम२+ च्या काही जुन्या प्रोसेसरांत सेन्सरच बेभरवशाचा निघाला, हा एएमडीचा नोंदलेला दोष आहे, क्रमांक ३१९. अशा मशीनवर ड्रायव्हर मुद्दाम चढत नाही. फोर्सने चढवता येतो, पण मिळणाऱ्या आकड्यावर पंखा चालवू नका.

पायरी ५ : ड्रायव्हरमध्येच बदल

नवा प्रोसेसर आणि जुना कर्नल अशी जोडी असेल तर आधी नवा कर्नल चालवून बघा. दुरुस्ती बहुधा आलेली असते. तेव्हाही चूक राहिली आणि तुमचा कागदावरचा हिशेब पक्का असेल, तरच सोर्स उघडा. ड्रायव्हर्स फोल्डरात एचडब्ल्यूमॉन, त्यात के१०टेम्पची सी फाइल. 'गेट रॉ टेम्प' नावाचं छोटं फंक्शन शोधा. सगळा हिशेब तिथे आहे : रजिस्टर वाचणं, २१ घरं उजवीकडे सरकवणं, १२५ ने गुणणं, आणि पट्टीचा बिट असेल तर ४९००० वजा करणं.

इथे आधीच झालेल्या एका दुरुस्तीतून शिकण्यासारखं आहे. काही प्रोसेसरांवर १९ वा बिट शून्य असतानाही ४९ वजा करावे लागतात, असं लक्षात आलं. त्याच रजिस्टरचे १७ आणि १६ क्रमांकाचे दोन्ही बिट १ असतील तेव्हाही उणे ४९ वालीच पट्टी चालू असते. म्हणून आता ड्रायव्हर दोन्ही अटी तपासतो. कुणी थेट 'या मॉडेलला ४९ वजा करा' असं लिहून मोकळं झालं असतं तर ते एका मशीनवर चाललं असतं आणि दुसऱ्या बायोसवर उलटं पडलं असतं. स्वतःची दुरुस्ती लिहिताना हाच प्रश्न विचारा : ही संख्या या मॉडेलची आहे, की रजिस्टरमधला एखादा बिट ती सांगतोय?

बदल केल्यावर सबंध कर्नल बांधायची गरज नाही. चालू कर्नलच्या हेडर फाइली बसवा, ड्रायव्हरची फाइल वेगळ्या फोल्डरात घ्या, एका ओळीची मेकफाइल लिहा आणि 'मेक' ला सी पर्यायात कर्नलचा बिल्ड फोल्डर, एम मध्ये तुमचा फोल्डर द्या. सोर्स चालू कर्नलच्याच आवृत्तीचा हवा. तयार झालेलं मॉड्यूल चढवण्याआधी फॅनकंट्रोल थांबवा आणि जुनं मॉड्यूल 'आरएममॉड' ने उतरवा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल चढत नाही. स्वतःची किल्ली नोंदवून सही करावी लागते.

या खटपटीत प्रोसेसर जळेल का, असं विचारतात. ड्रायव्हर फक्त वाचणारा आहे. अति तापल्यावर वेग कमी करणं आणि शेवटी वीज तोडणं हे प्रोसेसर स्वतःच्या हार्डवेअरमधून करतो, तिथे ड्रायव्हरचा हिशेब चालत नाही. धोका आहे तो पंख्याची सूत्रं चुकीच्या आकड्यावर देण्यात, म्हणून चाचणी संपेपर्यंत पंखा बायोसच्या ताब्यात राहू द्या.

चाचणी पहिल्या पायरीचीच : निवांत, भार, परत निवांत. भार काढल्यावर आकडा पहिल्या काही सेकंदांत झपाट्याने उतरतो आणि मग सावकाश, हे वळण दिसलंच पाहिजे. दुरुस्ती टिकली तर ती स्वतःपाशी ठेवू नका. 'चेकपॅच' स्क्रिप्टने तपासा, 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगते, आणि पत्रात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रजिस्टरची कच्ची संख्या, आधीचा आणि नंतरचा आकडा द्या. आपल्या ४० अंशांच्या खोलीतली मोजणी त्यांना कामाची असते.

शेवटी डब्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, खोलीचं तापमान, निवांत आकडा, भाराचा आकडा. ऋतू बदलला की पुन्हा नोंद घ्या. खोली आणि निवांत आकडा यांतलं अंतर साधारण तेवढंच राहिलं पाहिजे. वाढलं तर तंतू साचलेत किंवा पेस्ट वाळली. कारखान्यातल्या मशीनच्या चिठ्ठीवर मे महिन्याची ओळ आहे ३९ आणि ४८. तिच्याखाली जानेवारीतली, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यातली ओळ त्या पोराने स्वतःच्या हाताने लिहिली आहे : खोली २४, मशीन ३३.